जुनी एंडोमेंट पॉलिसी: चालू ठेवावी, पेड-अप करावी की सरेंडर? (हिशेबासकट चर्चा)

हिशेबवही (धागाकर्ता)

दर मार्चमध्ये इथे हा प्रश्न येतो: ओळखीच्या एजंटकडून घेतलेली एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र, मुदतीअखेर रक्कम देणारी) आहे, परतावा पाच-साडेपाच टक्केच दिसतो, बंद करू का? उत्तरं ठरलेली असतात. एक गट सांगतो, उद्याच सरेंडर करा आणि इंडेक्स फंडात टाका. दुसरा म्हणतो, इतकी वर्षं भरलेत, आता कशाला मोडता. आकडे कुणीच मांडत नाही, आणि लोक नको तिथे लाखाचं नुकसान करून घेतात. म्हणून हा स्वतंत्र धागा.

हा एक प्रश्न नसून दोन आहेत. पहिला, आजवर भरलेल्या हप्त्यांचं जे मूल्य पॉलिसीत अडकलंय, ते आज काढून घ्यायचं (सरेंडर) की मुदत संपेपर्यंत तिथेच ठेवायचं (पेड-अप)? दुसरा, पुढचे हप्ते भरायचे की नाहीत? दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. "आत्तापर्यंत किती बुडाले" हा आकडा दोन्हींत कुठेच लागत नाही.

हिशेबासाठी एक उदाहरण धरू. विमा रक्कम १० लाख, मुदत २० वर्षं, वार्षिक हप्ता ५०,०००. बोनस हजारी ४२ रुपये (विमा रकमेच्या दर हजाराला), म्हणजे वर्षाला ४२,०००. मुदतीअखेर १० लाख अधिक ८.४० लाख, असे १८.४० लाख मिळतील. सुरुवातीपासून धरला तर परतावा वर्षाला ५.५ टक्के पडतो.

पेड-अप मूल्य असं काढतात: विमा रक्कम गुणिले भरलेले हप्ते भागिले एकूण हप्ते, अधिक तोवर जमा झालेला बोनस. ही रक्कम मुदतीअखेर मिळते, पुढचा बोनस मिळत नाही. आपल्या उदाहरणात प्रत्येक हप्ता पेड-अप मूल्यात ५०,००० अधिक ४२,००० अशी ९२,००० रुपयांची भर घालतो. हप्ता दुसऱ्या वर्षी भरा की अठराव्या, भर तेवढीच, कारण बोनसवर बोनस नसतो. आता बघा: मुदतीला २० वर्षं असताना भरलेले ५०,००० जर २० वर्षांनी ९२,००० होत असतील, तर तो ३.१ टक्के परतावा झाला. १० वर्षं उरली असताना भरलेल्या हप्त्यावर ६.३ टक्के, ५ वर्षं उरली असताना १३ टक्के. या पॉलिसीत सुरुवातीचे हप्ते फार वाईट आणि शेवटचे फार चांगले असतात.

यावरून तीन टप्पे काढले.

२ हप्ते भरलेत, १८ वर्षं उरलीत. सरेंडर व्हॅल्यू साधारण ३०,०००. पेड-अप केली तर १८ वर्षांनी १.८४ लाख. म्हणजे अडकलेल्या ३०,००० वर १०.६ टक्के. उरलेल्या १८ हप्त्यांवर मात्र एकत्रित ६.१ टक्केच.

५ हप्ते भरलेत, १५ वर्षं उरलीत. सरेंडर व्हॅल्यू १.५५ लाख धरली. पेड-अप ४.६० लाख, म्हणजे अडकलेल्या पैशावर ७.५ टक्के. पुढच्या १५ हप्त्यांवर ७.३ टक्के.

१२ हप्ते भरलेत, ८ वर्षं उरलीत. सरेंडर व्हॅल्यू ६.१० लाख धरली. पेड-अप ११.०४ लाख, अडकलेल्या पैशावर ७.७ टक्के. पुढच्या ८ हप्त्यांवर १३.५ टक्के!

सरेंडर व्हॅल्यूचे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या पॉलिसीचा आकडा शाखेतून लेखी घ्या. पण चित्र साधारण असंच निघतं. दोन-तीन वर्षं झालेली पॉलिसी पेड-अप करून हप्ते थांबवणं फायद्याचं. अर्धी मुदत उलटलेली पॉलिसी मोडणं हे बहुतेक वेळा नुकसानच. मधल्या टप्प्यात चर्चेला जागा आहे, तिथे सगळ्यांनी लिहा.

---

चक्रवाढ

एक्सेलमध्ये करून पाहिलं, आकडे जुळतात. पाच वर्षांच्या टप्प्यात तुलना कशाशी करता यावर सगळं ठरतं. तेच ५०,००० दरवर्षी १५ वर्षं पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी भरले तर १३.५६ लाख होतात. पॉलिसीत त्याच हप्त्यांतून १३.८० लाखांची भर पडते, वर विम्याचं संरक्षण. म्हणजे पाचव्या वर्षी पॉलिसी थांबवून पीपीएफ सुरू करण्यात काही हशील नाही. एफडीत तर तोटाच, व्याजावर स्लॅबप्रमाणे कर लागतो.

इंडेक्स फंडात सरासरी ११ टक्के मिळाले तर १९.०९ लाख, ८ टक्केच मिळाले तर १४.६६ लाख. यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर धरा. म्हणजे थांबवण्यात फायदा तेव्हाच, जेव्हा तो पैसा खरोखर इक्विटीत जाणार आणि १५ वर्षं तिथेच राहणार. बाजार ३० टक्के पडल्यावर एसआयपी बंद करणारा माणूस पॉलिसीतच बरा. हे खोचकपणे म्हणत नाही, स्वभाव ओळखून निर्णय घ्यावा एवढंच.

---

मी_नागपूरकर

वाचनखूण साठवली. पण एक शंका: बोनस हजारी ४२ हा पुढची पंधरा वर्षं तसाच राहील हे कशावरून?

---

हिशेबवही

राहीलच असं नाही, आणि हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे. बोनस दरवर्षी जाहीर होतो, तो कंपनीच्या त्या वर्षीच्या मूल्यांकनावर अवलंबून असतो. एकदा पॉलिसीत जमा झालेला बोनस परत जात नाही, पुढचा मात्र कमी होऊ शकतो.

पाचव्या वर्षाच्या उदाहरणात पुढचा बोनस ४२ ऐवजी ३६ धरून पाहा. प्रत्येक हप्त्याची भर ८६,००० होते, १५ हप्त्यांचे १२.९० लाख, परतावा ७.३ वरून ६.५ टक्क्यांवर येतो. म्हणजे पीपीएफच्याही खाली. म्हणून मी हिशेब नेहमी दोनदा करतो, एकदा सध्याच्या दराने आणि एकदा पाच-सहा रुपये कमी धरून. दोन्ही वेळा निर्णय तोच आला तर पक्का समजायचा.

उलट बाजूने, १५ वर्षांहून जास्त मुदतीच्या काही पॉलिसींना शेवटी फायनल अॅडिशनल बोनस मिळतो, तो मी धरलेला नाही. पेड-अप केल्यावर बहुधा त्याच्यावर पाणी सोडावं लागतं.

---

टर्मवाली

या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे आणि ती चुकली तर वरचा सगळा हिशेब कुचकामी ठरतो. नवी टर्म पॉलिसी (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा) हातात पडल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही. अर्ज केला म्हणजे विमा मिळाला असं नसतं. वैद्यकीय तपासणीत साखर किंवा लिव्हरचे आकडे वर आले तर कंपनी हप्ता वाढवते, निर्णय पुढे ढकलते किंवा सरळ नाकारते. तोवर जुनी बंद करून बसलात तर घर उघड्यावर.

क्रम असा ठेवा. वार्षिक उत्पन्नाच्या १० ते १५ पट, अधिक डोक्यावरचं कर्ज, एवढं कव्हर ठरवा. प्रस्तावात तंबाखू, दारू, आधीचे आजार, आई-वडिलांचे आजार, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या पॉलिसी लिहा. हो, जी बंद करणार आहात तीसुद्धा, कारण अर्जाच्या दिवशी ती चालू आहे. अर्ज एजंटला किंवा कॉल सेंटरला भरू दिला तर सही करण्याआधी प्रत्येक रकाना स्वतः वाचा. दावे अडतात ते या रकान्यांवर. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पण पहिल्या तीन वर्षांत खोटी किंवा लपवलेली माहिती सापडली तर दावा नाकारता येतो.

पॉलिसी आल्यावर ३० दिवसांचा फ्री-लूक काळ (पटली नाही तर परत करण्याची मुभा) असतो, त्यात अर्जाची प्रत ताडून घ्या. मगच जुनीचा विचार.

वयाच्या तिशीत, तंबाखू न घेणाऱ्याला, साठीपर्यंतचं १ कोटीचं कव्हर साधारण १० ते १४ हजारांत मिळतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. ज्या घरात दहा लाखांच्या एंडोमेंटला ५०,००० जातात तिथे हे परवडतंच.

विवाहित पुरुषांनी घेताना मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी अॅक्ट, १८७४ खाली घेण्याचा विचार जरूर करावा. धंद्यात कर्ज असेल तर देणेकऱ्यांना ही रक्कम धरता येत नाही, ती पत्नी-मुलांचीच राहते. त्याचा वेगळा फॉर्म पॉलिसी घेतानाच भरायचा असतो, नंतर जोडता येत नाही.

मधुमेह किंवा हृदयविकारामुळे टर्म मिळतच नसेल तर निर्णय उलटतो: एंडोमेंटचा परतावा कमी असला तरी चालू ठेवा, तेच एकमेव संरक्षण आहे.

---

मी_नागपूरकर

धन्यवाद. म्हणजे टर्म आधी. आणि एकच हप्ता भरलेला असेल तर?

---

चक्रवाढ

एकाच हप्त्यावर जुन्या नियमांच्या पॉलिसीत काहीच मिळत नाही. बहुतेक पॉलिसींना पेड-अप मूल्य दोन पूर्ण वर्षांचे हप्ते भरल्यावर येतं, २०२० च्या आधीच्या कित्येक पॉलिसींना तीन वर्षांचे.

त्यामुळे प्रश्न असा होतो: दुसरा हप्ता भरून पेड-अप मूल्य कमवायचं की पहिला सोडून द्यायचा? वरच्याच उदाहरणात दुसरे ५०,००० भरले की १९ वर्षांनी १.८४ लाख मिळतात, कारण पहिला हप्ताही त्याच्यासोबत जिवंत होतो. दुसऱ्या हप्त्यापुरता परतावा ७.१ टक्के. पीपीएफइतकाच आहे. म्हणजे परवडत असेल तर दुसरा भरून थांबलात तरी चालेल, हात तंग असेल तर सोडून दिलंत तरी मोठा फरक नाही. आणखी एक: हप्त्यावर आयकराच्या ८०सी कलमाची वजावट घेतली असेल आणि दोन वर्षांचे हप्ते भरायच्या आत पॉलिसी बंद झाली, तर घेतलेली वजावट त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवली जाते. नवी करप्रणाली घेणाऱ्यांना मुळात ८०सी नाहीच, त्यांना हा प्रश्न येत नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांच्या पॉलिसींत मात्र एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरला तरी स्पेशल सरेंडर व्हॅल्यू मिळते. तिथे नियम असा आहे की पेड-अप रकमेची आजची किंमत काढताना १० वर्षांच्या सरकारी रोख्याच्या दरापेक्षा जास्तीत जास्त अर्धा टक्का अधिक दर धरायचा. ७ टक्के दर धरला तर दोन हप्त्यांनंतर ३०,००० ऐवजी साधारण ५४,००० हातात येतात. या पॉलिसींत पेड-अप ठेवण्याचा फायदा १०.६ वरून सातेक टक्क्यांवर येतो, आणि सरेंडर करून पैसा दुसरीकडे लावणं योग्य ठरू शकतं. तेव्हा पहिल्यांदा पॉलिसी कधीची आहे ते बघा.

---

शाखेतला

प्रत्यक्ष कामाचं लिहितो, कारण लोक इथेच अडखळतात.

शाखेत किंवा कंपनीच्या पोर्टलवर लेखी मागायच्या गोष्टी: आजची सरेंडर व्हॅल्यू, पेड-अप मूल्य, जमा बोनस, शेवटचा भरलेला हप्ता, आणि कर्ज असेल तर व्याजासकट बाकी. तोंडी आकडा घेऊ नका. एजंट बरेचदा फक्त जमा बोनस किंवा फक्त गॅरंटीड सरेंडर व्हॅल्यू सांगतो, तीही पूर्ण नसते. गॅरंटीड व्हॅल्यू ही कर आणि रायडरचे (अपघात विम्यासारख्या जोड-संरक्षणाचे) पैसे वगळून मूळ हप्त्यांवर काढतात: चौथ्या ते सातव्या वर्षात ५० टक्के, शेवटच्या दोन वर्षांत ९० टक्के. २०१४ आधीच्या पॉलिसीत पहिल्या वर्षाचा हप्ता सोडून बाकीच्यांवर ३० टक्के. कंपनी देते ती गॅरंटीड आणि स्पेशल यांतली जी जास्त असेल ती.

सरेंडरला मूळ पॉलिसी बाँड, सरेंडर अर्ज, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केलेली डिस्चार्ज पावती, पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि एनईएफटी फॉर्म लागतो. बाँड हरवला असेल तर इन्डेम्निटी बाँड स्टॅम्प पेपरवर करावा लागतो, त्यात आठवडा-दोन आठवडे जातात.

बाँड घरात सापडत नाही आणि हरवल्याचंही आठवत नाही, असं असेल तर गृहकर्जाची फाईल तपासा. कर्जाच्या वेळी पॉलिसी बँकेच्या नावे असाइन केलेली (तिचा हक्क बँकेला दिलेला) असते आणि बाँड बँकेतच असतो. बँकेकडून पुन्हा आपल्या नावे असाइन करून घेतल्याशिवाय सरेंडर होत नाही.

पेड-अपला वेगळा अर्ज नसतो. ठरावीक वर्षांचे हप्ते भरून थांबलं की सवलतीचा काळ (वार्षिक हप्त्याला ३० दिवस, मासिकला १५) संपल्यावर पॉलिसी आपोआप पेड-अप होते. यातही तीन गोष्टी चुकतात. एक, बँकेतला ऑटो-डेबिट आदेश रद्द केलेला नसतो आणि हप्ता कापला जातो. आदेश रद्द करून बँकेची पोच ठेवा. दोन, रायडर बंद होतात, अपघात विमाही जातो, आणि मृत्यूनंतरची रक्कमही त्याच प्रमाणात कमी होते. तीन, पॉलिसीवर कर्ज असताना हप्ते थांबवले तर व्याज चढत जातं, आणि कर्ज अधिक व्याज सरेंडर व्हॅल्यूच्या वर गेलं की कंपनी पॉलिसी बंद करून हिशेब मिटवते. पेड-अप करायची असेल तर कर्ज आधी फेडा.

नुसती दोन-चार महिन्यांची पैशाची अडचण असेल तर सरेंडर करूच नका. चालू पॉलिसीवर सरेंडर व्हॅल्यूच्या ८०-९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, पर्सनल लोनपेक्षा स्वस्त पडतं. सहामाही व्याज वेळेवर भरा म्हणजे झालं.

आणि पेड-अप केलेली पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांत थकबाकी आणि व्याज भरून पुन्हा चालू करता येते. सरेंडर केलेली कधीच येत नाही. डळमळीत असाल तर हा फरक लक्षात ठेवा.

---

कृष्णाकाठ

फारच उपयोगी प्रतिसाद. एक्सेलमध्ये हा हिशेब कसा मांडायचा ते कुणी पायरीपायरीने लिहाल का? एक्सआयआरआर (तारखांप्रमाणे वार्षिक परतावा काढणारं एक्सेलचं सूत्र) वापरतात एवढंच माहीत आहे.

---

हिशेबवही

कृष्णाकाठ, दोन स्वतंत्र तक्ते करा.

पहिला तक्ता अडकलेल्या पैशाचा. यात दोनच ओळी: आजची तारीख आणि सरेंडर व्हॅल्यू उणे चिन्हासह, मग मुदतीची तारीख आणि पेड-अप मूल्य अधिक चिन्हाने. सरेंडर न करणं म्हणजे ती रक्कम आज पुन्हा गुंतवणं, म्हणून ती उणे.

दुसरा तक्ता पुढच्या हप्त्यांचा. प्रत्येक उरलेल्या हप्त्याची तारीख आणि रक्कम उणे. शेवटच्या ओळीत मुदतीची तारीख आणि अधिक चिन्हाने फक्त फरक, म्हणजे पूर्ण मुदतीची रक्कम वजा आजचं पेड-अप मूल्य. पाच हप्त्यांच्या उदाहरणात इथे पूर्ण १८.४० लाख टाकले तर परतावा खोटाच मोठा दिसतो, कारण त्यातले ४.६० लाख तुम्ही हप्ता भरला नाही तरी मिळणारच आहेत. बहुतेकांची चूक इथेच होते.

एक्सआयआरआरमध्ये आधी रकमांचा स्तंभ, मग तारखांचा. तारीख मजकूर म्हणून टाइप झाली असेल तर त्रुटी दाखवतो. स्तंभाचं स्वरूप तारीख असं करून घ्या. सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या असतील तरी त्रुटी येते. बोनस दरवर्षी मिळाल्यासारखा मधल्या ओळींत भरू नका, तो हातात शेवटीच येतो. मासिक हप्ता असेल तर वर्षाला बारा ओळी कराव्याच लागतील, कंटाळा करू नका.

मनीबॅक (मुदतीच्या मधेही ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी) असेल तर ज्या वर्षी रक्कम मिळते त्या वर्षी अधिक ओळ घाला. २० वर्षांच्या नेहमीच्या मनीबॅकमध्ये पाचव्या, दहाव्या, पंधराव्या वर्षी विमा रकमेच्या २० टक्के आणि शेवटी ४० टक्के अधिक बोनस मिळतो. हप्ता थांबवायचा विचार असेल तर जवळ आलेली रक्कम हातात पडेपर्यंत थांबा.

---

गोंयकार

करासंबंधी दोन ओळी. वार्षिक हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांच्या आत असेल (१ एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसी, त्याआधीच्या २००३ पासूनच्यांना २० टक्के) तर मुदतीची आणि सरेंडरची दोन्ही रक्कम करमुक्त. १ एप्रिल २०२३ नंतरच्या पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता ५ लाखांच्या वर गेला तर ही सवलत नाही. एकरकमी हप्त्याच्या पॉलिसी बहुधा या १० टक्क्यांच्या अटीत बसत नाहीत, कारण कव्हर हप्त्याच्या सव्वापटच असतं; एजंट "टॅक्स-फ्री" म्हणतो तेव्हा हे विचारून घ्या. करपात्र असेल आणि एकूण रक्कम १ लाख किंवा जास्त असेल तर नफ्यावर २ टक्के टीडीएस, पॅन नसेल तर २० टक्के.

युलिपला (बाजारातल्या फंडांशी जोडलेल्या विमा पॉलिसीला) वरचा हिशेब लावू नका. तिथे पाच वर्षांचा लॉक-इन असतो. आधी थांबलात तर पैसा डिसकंटिन्युअन्स फंडात जातो, किमान ४ टक्के मिळतात आणि लॉक-इन संपल्यावर हातात येतो. पाच वर्षांनंतर सरेंडर शुल्क नाही, तेव्हा फंडाचं मूल्य आणि दरवर्षी कापले जाणारे आकार बघून ठरवा.

एजंटने एफडी सांगून पॉलिसी गळ्यात मारली असेल आणि ३० दिवस उलटले असतील, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, सोबत बिमा भरोसा पोर्टलवर नोंद. कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, गोवा मुंबईकडे येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो. कंपनीच्या नकारापासून एका वर्षात जावं लागतं.

---

एडिसनकर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी वेगळा मुद्दा. भारतातल्या पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू एफबारमध्ये (अमेरिकी सरकारला द्यायच्या परदेशी खात्यांच्या माहितीत) धरावी लागते. सगळी परदेशी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की नोंद आवश्यक. भारतात करमुक्त असलेली मुदतीची रक्कम तिथे करमुक्त नाही, नफा करपात्र धरावा लागतो. परदेशी आयुर्विम्याच्या हप्त्यावर १ टक्का एक्साइजही आहे, फॉर्म ७२० वर. आणि पॉलिसी मोडून भारतीय म्युच्युअल फंड घेणं तर आणखी त्रासाचं, ते पीएफआयसी (अमेरिकेत वेगळे, कडक करनियम लागणारी परदेशी गुंतवणूक) ठरतात आणि दर फंडाला फॉर्म ८६२१ भरावा लागतो. तिकडे कायम राहणार असाल तर वरच्या टक्केवारीतून हा खर्च आधी वजा करा, आणि दोन्हीकडचे कर जाणणाऱ्या माणसाला विचारूनच पुढे जा.

---

कृष्णाकाठ

तक्ता झाला. नऊ वर्षांचे हप्ते भरलेली, १६ वर्षं उरलेली पॉलिसी आहे, पण हप्ता पगारातून कापला जातो. तो कसा थांबवायचा? आणि आई-वडिलांची एक एलआयसीची जीवन आनंद पॉलिसी आहे, मुदत संपून पैसे मिळाले. बाँड फाडून टाकू का?

---

शाखेतला

पगारातून कापणी असेल तर शाखेला सांगून काम होत नाही. आस्थापना किंवा अकाउंट्स विभागाला पॉलिसी क्रमांकासह लेखी पत्र द्या, कापणी कोणत्या महिन्यापासून थांबवायची ते लिहा आणि त्याची प्रत शाखेला. पुढच्या दोन पगारपत्रकांत खरंच थांबली का ते तपासा. उलटही होतं, नोकरी बदलली की कापणी थांबते आणि पॉलिसी चालू ठेवायची असूनही कुणाच्या लक्षात न येता पेड-अप होते. तेव्हा नोकरी बदलताना हप्ता बँकेतून वळवून घ्या.

बाँड फाडू नका! जीवन आनंदमध्ये मुदतीची रक्कम मिळाल्यानंतरही विमा रकमेइतकं संरक्षण आयुष्यभर राहतं, हप्ता न भरता. २००२ पासूनची जुनी १४९ क्रमांकाची योजना आणि २०१४ नंतरची न्यू जीवन आनंद, दोन्हींत हे आहे. विमाधारकाच्या पश्चात ती रक्कम नॉमिनीला मिळते, पण घरच्यांना पॉलिसी "संपली" असंच वाटत असतं आणि दावा कुणी करतच नाही. मुदतीच्या वेळी बाँड परत आला नसेल तर शाखेकडून मागून घ्या. बाँडच्या पहिल्या पानावर पेन्सिलने "मुदतीची रक्कम मिळाली, कव्हर चालू" असं लिहून ठेवा, नॉमिनी हयात आहे ना ते बघा, नसेल तर नॉमिनी बदलाचा अर्ज आत्ताच द्या. नाहीतर पुढे वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या खेपा पडतात.

---

हिशेबवही

कृष्णाकाठ, १६ वर्षं उरलेल्या पॉलिसीचे दोन्ही तक्त्यांचे आकडे इथे टाका: सरेंडर व्हॅल्यू, पेड-अप, हप्ता आणि गेल्या पाच वर्षांचे बोनस दर. २५ वर्षांच्या मुदतीत बोनसचा दर बहुधा २० वर्षांच्यापेक्षा थोडा जास्त असतो, तेव्हा माझे ४२ तिथे वापरू नका, तुमच्या योजनेचा आणि मुदतीचा दर कंपनीच्या बोनस तक्त्यातून घ्या. पगारातून कापणी असल्याने हप्ता मासिक असणार, म्हणून ओळी १९२ होतील. टर्म पॉलिसी आहे का तेही लिहा.